डेकखालचं औक्ष

आईने तिला पहिल्यांदा पाहिलं ते २०१९ च्या जूनमध्ये. रात्रीची जेवणं उरकली होती, ओट्यावरची आवराआवर चालली होती आणि मागच्या दाराबाहेरचा दिवा आपोआप लागला. आई काचेला नाक लावून उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "अगं ये लवकर! केवढी घूस शिरलीय बघ अंगणात!"

वाईचं आमचं जुनं घर घुशींनी पोखरून ठेवलं होतं. त्यामुळे रात्री चार पायांवर फिरणारं, लांब तोंडाचं काहीही दिसलं की आईच्या लेखी ती आधी घूसच. ही घूस नव्हती. मांजराएवढा राखाडी देह, वरचे केस विस्कटलेले, तोंड मात्र पीठ फासल्यासारखं पांढरं. त्यात काळ्या मण्यांसारखे डोळे आणि गुलाबी नाक. शेपटी उंदरासारखी, उघडीबोडकी. डाव्या कानाचा वरचा तुकडा कुणीतरी चावून नेल्यासारखा गायब. आणि पाठीवर पिल्लं, लोकलच्या दारात लोंबकळावं तशी केसांना धरून एकमेकांच्या अंगावर. मी सहा मोजली. आई म्हणाली, सात.

"ऑपॉसम आहे ती," मी सांगितलं. "इथले लोक नुसतं पॉसम म्हणतात."

"म्हणोत काय म्हणायचं ते. म्हातारी आहे बिचारी. तोंड बघ कसं पांढरंफटक झालंय. आणि या वयात एवढी पोरं!"

तेव्हापासून तिचं नाव म्हातारी. अटलांटाच्या उत्तरेला आमचं घर आहे. मागच्या लाकडी डेकखाली फुटक्या कुंड्या आणि मुलाची जुनी सायकल टाकून दिलेली, त्यामागे तिचा मुक्काम होता. आई तेव्हा पंच्याहत्तरची होती. म्हातारी माझ्या हिशेबाने अकरा महिन्यांची.

हा हिशेब मला तेव्हा येत नव्हता. तोंडाचा पांढरा रंग जन्मापासूनचाच असतो, वयाचा त्याच्याशी संबंध नाही, हेही मला नंतर कळलं. 'ऑपॉसम' हा शब्द व्हर्जिनियातल्या पोवहाटन लोकांचा, अर्थ साधारण 'पांढरं जनावर'. तिथे वसाहत करायला आलेल्या कॅप्टन जॉन स्मिथने १६१२ साली लिहून ठेवलंय की याचं डोकं डुकराचं, शेपटी उंदराची आणि आकार मांजराचा. वाईच्या बाईने जे एका नजरेत म्हटलं, ते यापासून फार लांब नव्हतं.

मेलबर्नच्या मैत्रिणीला मी फोनवर कौतुकाने सांगितलं, आमच्याकडे पॉसम आलाय, तर ती म्हणाली, "त्यात काय, आमचा भाडेकरू तर तुझ्या लग्नाच्या आधीपासून छतात राहतोय." मग लक्षात आलं की आम्ही दोन वेगळ्या प्राण्यांबद्दल बोलतोय. १७७० मध्ये कॅप्टन कुकबरोबर ऑस्ट्रेलियाला गेलेल्या जोसेफ बँक्सला तिथला एक पिशवीवाला प्राणी पाहून अमेरिकेतल्या या जनावराची आठवण झाली आणि नाव तिकडे चिकटलं. पिशवी सोडली तर दोघांचं नातं फार लांबचं. मैत्रिणीच्या छतातला ब्रशटेल पॉसम एका वेळी एकच पिल्लू वाढवतो आणि सगळं सुरळीत झालं तर दहा-अकरा वर्षंही जगतो. त्यांच्या व्हिक्टोरिया राज्यात त्याला पिंजऱ्यात पकडलं तरी त्याच आवारात, ५० मीटरच्या आत सोडावं लागतं. लांब नेऊन सोडलेला पॉसम बहुतेक वेळा मरतो, कारण त्याचं झाड, त्याची ढोली, त्याची हद्द सगळं मागे राहिलेलं असतं. न्यूझीलंडमध्ये तोच प्राणी केसाळ कातड्याच्या धंद्यासाठी १८५८ मध्ये नेऊन सोडला. आज तिथे तो जंगलाचा शत्रू ठरलाय आणि सरकार त्याच्या मागे हात धुऊन लागलंय. पॉसम किती वर्षं जगतो, या साध्या प्रश्नाला म्हणूनच उलटा प्रश्न विचारावा लागतो: कुठला आणि कुठे?

आमच्या म्हातारीच्या जातीचं सगळंच घाईचं. मी वाचून वाचून आईला सांगायचे आणि ती भाजी निवडता निवडता ऐकायची. गर्भारपण बारा-तेरा दिवसांचं, हे ऐकून तिच्या हातातली गवार तिथेच राहिली. "बाराव्या दिवशी आपण बारसं करतो गं!" जन्मलेलं पिल्लू मधमाशीएवढं, आंधळं. पुढच्या दोन पायांनी केस धरत धरत ते स्वतःच पिशवीपर्यंत चढतं. एका वेळी वीस-वीस जन्मतात आणि पिशवीत सड असतात तेरा. बारा गोलाकार आणि एक मध्ये, पत्रावळीवर द्रोण मांडावेत तसे. चौदाव्याला पान नाही. ज्यांना सड मिळाला ती त्यालाच चिकटून दोन-सव्वादोन महिने काढतात, मग आईच्या पाठीवर येतात आणि साडेतीन महिन्यांची झाली की ज्याची त्याची वाट. मधल्या काळात पाठीवरून एखादं घसरलं तर आई थांबून शोधत बसत नाही.

"मग पडलेल्याचं काय होतं?"

"राहतं मागे. मोठं असेल तर जगतं."

आई गवारीच्या शिरा काढत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मोठं असेल तर जगतंच."

त्याच ऑगस्टमध्ये पलीकडच्यांचा कुत्रा कुंपणाखालून आमच्याकडे घुसला. आम्ही धावत बाहेर येईतो तो भुंकून भुंकून दमला होता आणि म्हातारी गवतात आडवी. तोंड उघडं, जीभ बाहेर, दात दिसताहेत, ओठांवरून लाळ, पाय आखडलेले. मागून हिरवट काहीतरी पाझरलेलं आणि त्याची अशी दुर्गंधी की कुत्राही दोन पावलं मागे सरकला. मालकाने माफी मागत त्याला ओढून नेलं. आई घरात जाऊन फुलपात्रात पाणी घेऊन आली. जाणाऱ्या जिवाच्या तोंडात दोन थेंब घालायचे, एवढंच तिच्या डोक्यात. मी तिचा हात धरला.

हे मरणाचं सोंग जगप्रसिद्ध आहे, पण त्याला सोंग म्हणणं अन्यायाचं आहे. ते तिच्या हातात नसतं. भीती ठरावीक पातळीच्या पुढे गेली की शरीरच बंद पडतं, आपल्याला घेरी येते तसं. कधी काही मिनिटांनी शुद्ध येते, कधी काही तासांनी. आम्ही दोघी दारात खुर्च्या टाकून बसलो. पंचवीसेक मिनिटांनी आधी कान हलला, तोच फाटका कान. दिशा घेतल्यासारखा थोडा इकडे, थोडा तिकडे. मग डोकं उचललं गेलं, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात ती उठून डेककडे चालू लागली.

"मेली सोंगाडी!" आई म्हणाली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि ती इतकी हसली की फुलपात्रातलं पाणी लुगड्यावर सांडलं.

ऑक्टोबरात आई वाईला परतली. मग २०२० उजाडलं आणि आम्ही घरात कोंडले गेलो. त्या वर्षी मी डेकच्या खांबाला एक स्वस्तातला कॅमेरा बसवला. खरं कारण रात्री झोप येत नव्हती हे होतं. सकाळी चहा घेत आदल्या रात्रीच्या चित्रफिती पाहायचा नाद लागला. म्हातारी मार्चमध्ये दिसली ती गुटगुटीत, चालण्यात जोर असलेली. जूनमध्ये पाठीवर पुन्हा पिल्लं, या वेळी कमी. आणि ऑगस्टमधली एक चित्रफीत मी तीनदा पाहिली, कारण मला वाटलं दुसरंच कुणी आलंय. केस विरळ झालेले, कंबर खाली बसलेली, पुठ्ठ्यांवरचं मांस उतरलेलं. कॅमेऱ्याच्या उजेडात एक डोळा चमकला आणि दुसरा दुधाळ दिसला. मोतीबिंदू. झाडाखाली पडलेल्या पेअरपासून ती वीतभर अंतरावरून निघून गेली, मग थांबली, वास घेत मागे आली. कान मात्र तोच.

मार्च ते ऑगस्ट. सहा महिन्यांत एक जीव तरुणपणातून पार म्हातारपणात गेला होता आणि मी ते रोज सकाळी चहाबरोबर पाहिलं होतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ती दिसली नाही. देह सापडला नाही. तिचं वय तेव्हा सव्वादोन वर्षांच्या आत-बाहेर असावं.

आजारी असेल, काहीतरी विषारी खाल्लं असेल, अशी माझी समजूत होती. वाचलं तेव्हा कळलं की तिला दीर्घायुषी म्हणावं लागेल. रानातले बहुतेक ऑपॉसम पहिलं वर्षच पुरं करत नाहीत. जे करतात त्यांतले फार थोडे दुसऱ्याच्या पलीकडे जातात. घुबड, कोल्हा, कुत्रा, उत्तरेकडे थंडी. तिकडे तर त्यांच्या उघड्या कानांची आणि शेपटीची टोकं गोठून झडतात. शहरात यमाचं वाहन फक्त बदलतं. कचऱ्याचे डबे, मांजरांसाठी बाहेर ठेवलेलं खाणं, गळलेली फळं, यामुळे पोटाला कमी नाही. पण खाण्याच्या एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत रस्ता ओलांडावा लागतो, आणि दिव्याच्या झोतात जागच्या जागी थबकणाऱ्या जनावराला रस्ता काय करणार? शिवाय मेलेलं खायला ते रस्त्यावर येतं आणि स्वतःच खाद्य होऊन बसतं.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शेजारणीच्या गाडीत या कामासाठी रबरी हातमोजे कायम असतात. २०२१ च्या वसंतात कोपऱ्यावर एक मादी चिरडलेली पडली होती, तेव्हा मी पहिल्यांदा तिला ते करताना पाहिलं. तिने गाडी बाजूला लावली, धोक्याचे दिवे लावले, वाकून दोन बोटांनी मेलेल्या मादीच्या पोटावरची पिशवी उघडली आणि मोबाइलचा उजेड आत धरला. आत नऊ होती. बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, सगळी अजून हलणारी, दूध थांबलेल्या सडांना घट्ट धरून. "ओढायची नाहीत," ती मला म्हणाली, "ओढली तर तोंड फाटतं." म्हणून तिने मेलेल्या आईसकट सगळं टॉवेलात गुंडाळलं आणि परवाना असलेल्या प्राणीसेवकाकडे नेलं. त्यांतली किती जगली, ते मी विचारलं नाही. जाताना तिने मला ऐकवलंच की एक ऑपॉसम एका हंगामात पाच हजार गोचिड्या खातो. हे इथे सगळे सांगतात. मूळ आकडा पिंजऱ्यातल्या प्राण्यांवरच्या प्रयोगातून आला होता. २०२१ मध्ये रानातल्या ३२ ऑपॉसमांची पोटं तपासली, तेव्हा एकही गोचीड मिळाली नाही. मी तिला हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. जनावराला जगू देण्यासाठी माणसाला काहीतरी हिशेब लागतो, हा हिशेब निदान निरुपद्रवी आहे.

मला सतावत होता तो मरणाचा प्रश्न नव्हता. गाडीखाली मरणं समजू शकतं. पण म्हातारीला गाडीने मारलं नव्हतं, कुत्र्याने मारलं नव्हतं. ती आतून विरत गेली होती, सव्वादोन वर्षांत. माणसाळलेल्या, पिंजऱ्यातल्या, वेळेवर खाणाऱ्या ऑपॉसमचीही गोष्ट तीच. घुबडं नाहीत, गाड्या नाहीत, थंडी नाही, तरी तीन-चार वर्षांत खेळ आटोपतो. तेवढंच मांजर पंधरा वर्षं आरामात काढतं. जेमतेम सात-आठ ग्रॅमचं वटवाघूळ तीस वर्षंही जगू शकतं. सैबेरियात तर खूण करून सोडलेलं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं होतं. मग हिच्याच देहाला एवढी कसली घाई?

हाच प्रश्न स्टीव्हन ऑस्टॅड नावाच्या माणसाला पडला होता. जीवशास्त्राकडे वळण्याआधी तो हॉलिवूडसाठी सिंह सांभाळायचा. १९८० च्या दशकात तो व्हेनेझुएलाच्या गवताळ प्रदेशात ऑपॉसम पकडून, खूण करून सोडत होता. विषय वेगळाच होता. पण तीच मादी काही महिन्यांनी पुन्हा पिंजऱ्यात सापडली की त्याला ती ओळखू येईना. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावर परजीवी, मांस झडलेलं. मी कॅमेऱ्यात पाहिलं तेच.

याचं उत्तर त्याला पुस्तकात तयार मिळालं, मला ते कळलं आईच्या माहेरावरून. आईचं माहेर धोम धरणाच्या पाण्याखाली गेलंय. लहानपणी तिच्याकडून शंभरदा ऐकलेली गोष्ट अशी, की आजोबा दर वर्षी मृगाच्या आधी घर शाकारायचे. फुटकी कौलं बदलायची, वासे बघायचे, पन्हळ साफ करायची. धरणात गाव जाणार हे पक्कं झालं आणि त्या वर्षापासून त्यांनी शिडी लावलीच नाही. आजी म्हणायची, गळतंय. आजोबा म्हणायचे, "बुडणाऱ्या घराला कोण कौलं घालतं?" चार पावसाळ्यांत घराची रया गेली. पाणी येईतो मागची भिंत आपणहून बसली होती. घर वाईट बांधलेलं नव्हतं. दुरुस्ती थांबली होती.

ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार आणि अमेरिकेचे जॉर्ज विल्यम्स यांनी १९५० च्या दशकात जे मांडलं, ते साधारण हेच. देह रोज झिजतो आणि रोज डागडुजी मागतो. डागडुजीला खर्च येतो. ज्या प्राण्याला दीड-दोन वर्षांत घुबड नाहीतर कोल्हा उचलणारच, त्याच्या वंशात पाचव्या वर्षासाठी कौलं बदलणाऱ्याला त्याचा फायदा कधी मिळतच नाही. तो सगळा खर्च आजच्या पिल्लांवर करणाऱ्याचा वंश वाढतो. हे कुणी ठरवत नाही, हजारो पिढ्यांच्या मरणातून ते आपोआप ठरत जातं. म्हणूनच धोका काढून घेतला तरी पिंजऱ्यातला ऑपॉसम चार वर्षांत संपतो. धरण रद्द झाल्याची बातमी त्याच्या देहापर्यंत पोचलेलीच नसते.

ती पोचायला किती काळ लागेल? ऑस्टॅडने त्यासाठी एक बेट शोधलं. जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळचं सापेलो. चार-पाच हजार वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटलेलं. तिथे ऑपॉसम अडकले, त्यांना खाणारी चार पायांची जनावरं मात्र नव्हती. त्याने बेटावरच्या आणि मुख्य भूमीवरच्या ऑपॉसमांना रेडिओचे पट्टे बांधले आणि वाट पाहत बसला. १९९३ मध्ये निकाल छापला. मुख्य भूमीवर सरासरी २० महिने, बेटावर २४.६. सगळ्यांत जास्त जगलेला तिकडे ३१ महिने, इकडे ४५. बेटावर एका वेतात पिल्लं कमी आणि दुसऱ्या वर्षीची बाळंतपणंही धडधाकट. त्याने शेपटीतले तंतू काढून त्यांना वजन टांगलं आणि ते किती वेळात तुटतात ते मोजलं, कारण वय वाढलं की हे तंतू ताठर होत जातात. बेटावरच्यांच्या शेपट्या जवळपास निम्म्या वेगाने म्हाताऱ्या होत होत्या.

साडेचार महिने. एवढ्यासाठी चार-पाच हजार वर्षं लागली. अटलांटा वसून अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

आम्ही २०२१ च्या नोव्हेंबरात सापेलोला गेलो. घरून पाच तास गाडी, मग मेरिडियनच्या धक्क्यावरून फेरीबोट. आधी नाव नोंदवल्याशिवाय बोटीत घेत नाहीत. खाजणातल्या पिवळ्या पडलेल्या गवतातून बोट वळणं घेत जाते, कोकणातल्या एखाद्या खाडीत तरीने जावं तसं. पलीकडे पोचल्यावर कच्चे रस्ते, ओकच्या फांद्यांवरून जटांसारखं लोंबणारं राखाडी शेवाळ, आणि हॉग हॅमक नावाची एक छोटी वस्ती. तिथे गल्ला गीची लोक राहतात, बेटावरच्या मळ्यांमध्ये गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज. त्यांची बोलीही अशीच पाण्याने राखली. आता बाहेरच्यांची घरं आणि वाढते कर त्यांना हळूहळू बेटाबाहेर लोटताहेत. पुढे २०२३ मध्ये तिथल्या जिल्हा मंडळाने मोठ्या घरांना परवानगी दिली, तेव्हा मी ती बातमी घाबरत वाचली.

ऑस्टॅडला तिथे भर दिवसा रस्त्यात लोळणारे ऑपॉसम दिसले होते. आम्हाला एकही दिसला नाही. नवऱ्याने परतीच्या बोटीत हे मला दोनदा सुनावलं. पण दीपगृहाकडच्या वाळूत पाऊलखुणा होत्या. पुढचा पंजा चांदणीसारखा फाकलेला आणि मागचा... मी गुडघ्यावर बसून पाहिला. मागच्या पायाला अंगठा होता, बाकीच्या बोटांपासून पार बाजूला वळलेला, लहान मुलाने ओल्या गिलाव्यात हात उमटवावा तसा. खुणा रस्त्याच्या मधोमध होत्या. कडेकडेने नाही, गवताच्या आडोशाने नाही, मधून. मी म्हातारीला कधी अंगणाच्या मधून जाताना पाहिलं नव्हतं. ती कायम कुंपण धरून चालायची.

हे सगळं इतकं नेटकं बसतं की थोडा संशय यावा, आणि तो घेणारेही आहेत. त्रिनिदादच्या ओढ्यांमधले गप्पी मासे घेऊन जीवशास्त्रज्ञ डेव्हिड रेझनिक यांनी २००४ मध्ये दाखवलं की ज्यांना शिकारी माशांचा जास्त धोका, तेच गप्पी उलट जास्त जगतात. म्हणजे धोका असला की औक्ष घटलंच असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब नाही. भक्ष्य कोण होतं, तरुण की म्हातारा, उरलेल्यांना खायला किती मिळतं, यावरही ते अवलंबून. मला हे वाचून बरं वाटलं. आजोबांच्या शेजारच्यांनीही धरणाची नोटीस मिळूनसुद्धा शेवटच्या वर्षापर्यंत घर शाकारलंच होतं, असं आई सांगते.

२०२२ च्या मे महिन्यात आई पुन्हा आली. मध्यंतरी तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, गुडघ्याचं व्हायचं होतं. विमानतळावर ती चाकाच्या खुर्चीतून बाहेर आली. सामान नेणाऱ्या मुलाला मराठीतून सूचना देत होती आणि तो नीट पाळत होता. तिसऱ्या रात्री मागचा दिवा लागला.

"आली बघ म्हातारी! ओळखलंन् मला."

डेकखालून निघालेली मादी अंधाराच्या कडेला उभी होती, तोंड आमच्याकडे. कान दिसत नव्हते. माझ्या हिशेबाने ती गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली, आमच्या म्हातारीची नात नाहीतर पणती, किंवा कुणीच नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आई आदल्या दिवशीचं काळं पडलेलं केळं शोधत होती. जंगली जनावरांना घालू नये, हे मी तिला २०१९ मध्येच सांगितलं होतं. तिने ते तेव्हाही ऐकलं नव्हतं.

त्या मुक्कामात माझ्या लेकाला ती रोज झोपताना भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगायची. लेकीकडे जाऊ दे, तूपरोटी खाऊ दे, मग खा, असं वाघाला सांगून निघालेली. नववी-दहावीतला मुलगा, त्याला गोष्टीपेक्षा आजीच्या आवाजाची सवय झालेली. तो म्हणाला, "पण आजी, भोपळ्यातून उतरल्यावर मग?" आई म्हणाली, "मग पुढच्या वर्षी परत जायचं लेकीकडे."

पुढच्या वर्षी ती आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही. सतरा-अठरा तासांचा प्रवास गुडघ्यांना आता झेपत नाही. आम्हीच गेलो, २०२४ च्या डिसेंबरात, तिच्या सहस्रचंद्रदर्शनाला. घाटावरच्या घरात मांडव, होम, ताटात हजार वाती. गुरुजींनी समजावून सांगितलं की हजार पौर्णिमा पाहायला ऐंशी वर्षं आणि वर काही महिने लागतात. मी वाती मोजून देत होते आणि माझ्या मनात दुसराच आकडा चालला होता. वीस. फार तर एकतीस. सापेलोवर पंचेचाळीस. तांबडं कुंकू लावलेल्या आईच्या चेहऱ्यावर ज्योतींचा उजेड हलत होता. आत्या म्हणाली, "अगं, हात थांबला तुझा."

गेल्या मे महिन्यात कॅमेऱ्यात एक नवी मादी आली. धष्टपुष्ट, चालण्यात जोर, पाठीवर पिल्लांचा ढीग. दिव्याखाली थांबून तिने मान वळवली आणि दोन्ही कान अख्खे दिसले, पातळ, काळे, कडेला थोडे फिके. मी चित्रफीत आईला व्हॉट्सॲपवर पाठवली. वाईत सकाळ होती. दोन मिनिटांत फोन आला.

"बघ, कान भरून आला की नाही तिचा? मी म्हणत होते, केळं घालत जा."

"हो. भरला."

"पोरं किती आहेत या वेळी?"

"सहा."

"नीट मोज."

फोन चालू ठेवून मी चित्रफीत पुन्हा लावली. सातवं शेपटीजवळ होतं, अर्धं घसरलेलं, एका हाताने केस धरून.